दगडी बायांच्या वेण्या आणि लेझरचा उजेड

जत्रा जवळ आली की देऊळ धुण्याचं काम बचत गटांकडेच येतं. यंदा आमच्या बैठकीत सूचना आली, की देवळापुढचे जुने वीरगळ आणि सतीचा दगड संडासाच्या ॲसिडनं अन् तारेच्या ब्रशनं लख्ख करू. तेव्हा आम्ही ग्रीस देशातल्या दगडी बायांची गोष्ट काढली. तीच आज तुम्हाला सांगतो.

अथेन्स शहरात अक्रोपोलिस नावाची टेकडी आहे. तिथं सुमारे २४०० वर्षांपूर्वीचं एक देऊळ आहे. त्याच्या एका ओसरीचं छत खांबांऐवजी सहा संगमरवरी बायांनी डोक्यावर तोललं होतं. ओझं कुणाच्या डोक्यावर, ते तिथंही ठरलेलंच! प्रत्येकीच्या पाठीवर जाडजूड वेण्या कोरलेल्या. त्यातली एक लंडनला नेली गेली, पाच अथेन्सच्या संग्रहालयात आहेत. देवळात आता नकला उभ्या आहेत.

शहराच्या धुरानं या बाया काळवंडल्या. ही काजळी चुलीमागच्या भिंतीसारखी नुसती वर बसलेली नसते. धुरातला गंधकाचा वायू ओलाव्यात मिसळतो, संगमरवराचा वरचा थर जिप्समचा होतो आणि काजळी त्यातच अडकते. घासलं, तर काळ्या पापुद्र्याबरोबर वेणीचे पेडही जाणार.

म्हणून २०१०च्या अखेरीस तिथं लेझरनं सफाई सुरू झाली. लेझर म्हणजे एकवटलेला तीव्र उजेड. काळी छत्री उन्हात जास्त तापते, तसंच इथं होतं. काळा थर उजेड शोषतो, क्षणात तापून उडून जातो. खालचा पांढरा दगड उजेड परतवतो, त्यामुळे सफाई तिथंच थांबते. एकाच प्रकारच्या लेझरनं दगड पिवळट दिसायचा, म्हणून क्रीट बेटावरच्या शास्त्रज्ञांनी दोन प्रकारचे किरण एकत्र वापरले. एकेका मूर्तीला कित्येक महिने लागले. ही युक्ती सापडली १९७२च्या सुमारास, इटलीतल्या व्हेनिसमध्ये. जॉन ॲसमस हे अमेरिकन शास्त्रज्ञ तिथं लेझरनं मूर्तींची चित्रं घ्यायला गेले होते, सफाईला नव्हे.

मग आपल्याकडे आणायचं का हे यंत्र? आपला दगड मुळातच काळा. मळ काळा, दगडही काळा, मग उजेडानं थांबायचं कुठं? शेंदरासारखे रंग तर लेझरनं काळे पडू शकतात. गंज काढायची लेझर यंत्रं हल्ली बाजारात मिळतात, ती कुणी देवावर चालवू नका. हे काम जाणकारांचं. पुरातत्त्व खात्याला कळवावं, तोवर मऊ कुंच्यानं कोरडी धूळ झटकावी, तीही दगडाची पोपडी सुटत नसेल तरच. ऑइलपेंट तर नकोच.

आमच्या सतीच्या दगडावर कोपरात वळलेला हात आहे, हातात बांगड्या आहेत. त्यांच्या रेषा आता बोटालाच लागतात, डोळ्याला दिसत नाहीत. बैठकीत एकेकीनं त्यावर बोट फिरवून पाहिलं. ॲसिडची बाटली परत संडासाच्या फळीवर गेली. जत्रेआधी आम्ही पायऱ्या आणि अंगण तेवढं झाडू-पाण्यानं धुणार आहोत.