शाळेची सूचना घरापर्यंत पोंचते काय?



आजचा विषय वरवर पाहतां अगदीं लहान आहे. खेड्यांतील शाळा मुलांच्या घरीं ज्या सूचना पाठविते, त्यांच्याविषयीं मला चार शब्द बोलावयाचे आहेत. शाळा अमुक तारखेस उघडेल, पुस्तकें अमुक दिवशीं मिळतील, लस टोचण्यासाठीं आरोग्य पथक येणार आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज ह्याच आठवड्यांत भरावा, शनिवारीं पालकसभा आहे, अशा त्या सूचना असतात. शहरांतील सुशिक्षित घरांत त्यांचें कोणास फारसें महत्त्व वाटत नाहीं, कारण तेथें त्या हटकून पोंचतात. मुलाच्या वहींत सूचना लिहिलेली असते, आईच्या मोबाइलवर ती आलेली असते, आणि दोन्हीकडून चुकली तर शेजारच्या घरांतून कळते.

खेड्यांत सूचना निघत नाहीं असें नाहीं. ती निघते, फळ्यावर लिहिली जाते, नोंदवहींत चढते. परंतु ती घरांत पोंचली कीं नाहीं, हें पाहण्याचें काम कोणाचेंच नसतें; आणि न पोंचलेल्या सूचनेची किंमत मात्र मुलास द्यावी लागते. एकच उदाहरण सांगतों. आर्थिक दृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील आठवीच्या विद्यार्थ्यांसाठीं केंद्र सरकारनें २००८ सालीं एक शिष्यवृत्ती सुरू केली. २०१७ सालीं तिची रक्कम वर्षास १२,००० रुपये करण्यांत आली. परीक्षेंतून निवड झालेल्या मुलास नववीपासून बारावीपर्यंत, म्हणजे चार वर्षें, ही मदत मिळावयाची. एकूण रक्कम ४८,००० रुपये होते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरीं मुलीचें शिक्षण पुढें चालवावयाचें कीं थांबवावयाचें, हा प्रश्न एवढ्या रकमेनें सुटूं शकतो. पण ही परीक्षा आठवींत असतांनाच देतां येते. त्या वर्षीं अर्जाची तारीख हुकली, तर ती संधि पुन्हा येत नाहीं.

पूर्वीं गांवांत वर्तमान सांगण्याचें साधन म्हणजे दवंडी. ग्रामसभेची दवंडी आजहि कित्येक गांवांत दिली जाते. ह्या जुन्या साधनांत तीन गुण होते. दिवस मावळतांना, माणसें शेतांतून परतल्यावर ती दिली जाई, म्हणून वेळ ऐकणाराच्या सोयीची असे. भाषा गांवची असे. आणि ज्यास अक्षरओळख नाहीं त्यासहि ती कळे. पण तिच्यांत दोन उणिवाहि होत्या. गांवाबाहेरची वस्ती, तांडा, रानांतलीं एकटीं घरें येथपर्यंत तो आवाज क्वचितच जाई. आणि दवंडी देणारा पुढें निघून गेला कीं, ‘पण माझ्या मुलाचें काय?’ असें विचारावयास कोणी उरत नसे.

शिक्षणाच्या बाबतींत आपल्याकडील मोठमोठ्या घोषणा ह्याच एकमार्गी पद्धतीच्या होत्या. सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांतील थोड्या गांवांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ सालीं तो सर्व बडोदें राज्यास लागू केला. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केल्याचा जाहीरनामा काढला आणि मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. त्या काळीं हें मोठें धाडसाचें कार्य होतें. त्यांत राज्य बोलत होतें आणि पालक ऐकत होता. दंडाची तरतूद असल्यामुळें कानाडोळा करणें पालकास परवडणारें नव्हतें.

१ एप्रिल २०१० पासून ही दिशा पालटली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ सालचा कायदा त्या दिवशीं अंमलांत आला, आणि सक्तीचा मुख्य भार पालकावरून उतरून सरकारवर पडला. सहा ते चौदा वर्षांच्या बालकाकडे वयाचा दाखला नसला तरी त्यास प्रवेश नाकारतां येत नाहीं. प्रवेशाची मुदत टळून गेली असली तरी त्यास परत पाठवितां येत नाहीं. दुसऱ्या गांवच्या शाळेंतून दाखला येण्यास उशीर झाला, हेंहि कारण चालत नाहीं. कधींच शाळेंत न गेलेल्या मुलास त्याच्या वयास योग्य अशा वर्गांत बसवून मागील अभ्यास भरून काढण्यास मदत करावयाची, असेंहि कायदा सांगतो. परंतु दंडाची आज्ञा माणसास ठाऊक नसली तरी ती त्यास गांठते. हक्काचें तसें नाहीं. ज्यास तो ठाऊक नाहीं, त्याच्यापुरता तो नसल्यासारखाच असतो. म्हणून पूर्वींपेक्षां आज सूचना नीट पोंचणें अधिक अगत्याचें आहे.

ती कोठें अडते तें पाहूं. पहिली अडचण वेळेची. बीड, अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें पावसाळा संपतांच ऊसतोडीस जातात आणि हंगाम आटोपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मुलांस मागें गांवांतच राहतां यावें म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि बरोबर जाणाऱ्या मुलास दुसऱ्या शाळेंत बसतां यावें म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. पण मूल आजीपाशीं ठेवावयाचें कीं फडावर न्यावयाचें, हा निर्णय मुकादमाकडून उचल घेतली जाते तेव्हांच घरांत होऊं लागतो. गाडी निघाल्यानंतर फळ्यावर लिहिलेल्या सूचनेचा त्या घरास काय उपयोग?

दुसरी अडचण भाषेची. ‘पालकांनीं आपल्या पाल्याचा विहित नमुन्यांतील अर्ज आवश्यक कागदपत्रांसह विहित मुदतींत सादर करावा’, हें वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनें निर्दोष आहे. पण नेमकें काय करावयाचें तें त्यांतून कळत नाहीं. त्याऐवजीं असें लिहावें: ‘आठवींतल्या मुलामुलींचे फॉर्म शुक्रवारीं सकाळीं शाळेंत भरून घेऊं. येतांना आधार कार्ड आणि तहसीलींतला उत्पन्नाचा दाखला आणा. दाखला नसेल तर आधीं गुरुजींना भेटा.’ दिवस, जागा, बरोबर काय आणावयाचें, आणि नसेल तर कोणाकडे जावयाचें, ह्या चार गोष्टी आल्या म्हणजे सूचना पुरी झाली. आणि मेळघाटांत कोरकू, नंदुरबारकडे भिली व पावरी, गडचिरोलींत गोंडी व माडिया ज्यांच्या घरांत बोलतात, त्यांस ती त्यांच्या बोलींत कोणीतरी तोंडीं सांगितली पाहिजे.

तिसरी अडचण, आतां सर्व सुटलें असें ज्याच्यामुळें आपणांस वाटतें, त्या मोबाइलची. २०२० सालीं शाळा बंद असतांना ‘असर’ संस्थेनें ग्रामीण भारतांत पाहणी केली. शाळेंत नांव असलेल्या मुलांपैकीं सुमारें ६२ टक्के मुलांच्या घरीं स्मार्टफोन होता. म्हणजे शंभरांतील अडतीस घरीं तो नव्हता. आणि जेथें तो आहे तेथेंहि तो बहुधा वडिलांच्या खिशांतून सकाळींच बाहेर जातो. मुलाच्या शाळेची काळजी जी वाहते त्या आईस निरोप रात्रीं मिळतो, किंवा मिळतच नाहीं.

मग उपाय काय? त्याचें उत्तर आपल्याच मुलखांत, आणि तेंहि रेडिओच्याच द्वारें, एकदां मिळालेलें आहे. १९५६ सालीं आकाशवाणीनें युनेस्कोच्या साह्यानें पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्या पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० गांवांत श्रोतृमंडळें स्थापिलीं. आठवड्यांतून दोन याप्रमाणें वीस कार्यक्रम झाले. गांवकऱ्यांनीं एकत्र बसून ऐकावयाचें, ऐकून झाल्यावर त्यावर बोलावयाचें, आणि राहिलेल्या शंका केंद्राकडे पाठवावयाच्या. त्यांचीं उत्तरें पुढें रेडिओवरून मिळत. ह्या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेनें केली. तिच्यांत असें दिसलें कीं, श्रोतृमंडळें असलेल्या गांवांत माहितीची वाढ लक्षणीय झाली. आणि जेथें मंडळ नव्हतें तेथें, रेडिओ असूनहि, ती नगण्य राहिली. ऐकविण्याचें यंत्र दोन्हीकडे होतें. फरक पडला तो बसून बोलण्यानें आणि उलट विचारण्यानें.

शाळेजवळ अशी बैठक भरविण्याचें साधन आज कायद्यानेंच दिलें आहे. शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या, असा २००९ च्या कायद्याचा दंडक आहे. प्रत्येक वस्तीची व प्रत्येक तांड्याची एक आई समितींत असली, आणि सूचना कागदावर उतरण्यापूर्वीं ती तिला वाचून दाखविली, तर अर्ध्या अडचणी तेथेंच दूर होतील. कोणत्या घरीं निरोप गेला नाहीं, हें शिक्षकांपेक्षां तिला आधीं कळेल. आणि तिनें विचारलेला प्रश्न शेजारच्या दहा घरांचा प्रश्न असेल.

हें सर्व खेड्यांचें काम झालें. आपला त्याशीं काय संबंध, असें श्रोत्यांपैकीं कोणास वाटेल. पण ज्या घरांस सूचना मिळत नाहीं, त्यांतील कित्येक घरें आज आपल्या दाराशींच आहेत. समोर चाललेल्या बांधकामावरचीं कुटुंबें, इमारतीचा रखवालदार, घरीं कामास येणाऱ्या बाई, ह्यांच्यापैकीं कित्येकांचीं मुलें कोणत्या ना कोणत्या खेड्यांतील शाळेच्या पटावर आहेत, किंवा त्या पटावरून गळून पडलेलीं आहेत. ‘दाखला गांवींच राहिला, आतां जूनपर्यंत थांबावें लागेल’, असें त्यांच्यापैकीं कोणी म्हणाले, तर थांबावें लागत नाहीं एवढें त्यांस सांगा. सांगून तेवढ्यावर राहूं नका. जवळच्या महापालिकेच्या अथवा जिल्हा परिषदेच्या शाळेंत त्यांच्याबरोबर एकदां जा, आणि मुलाचें नांव पटावर चढलेलें पाहूनच परत या.