बीजक एक, वह्या दोन

व्यापारांत माल बहुधा आधीं जातो आणि पैसा मागाहून येतो. मधल्या काळांत विश्वासाचा सारा भार ज्या कागदावर असतो, तो कागद म्हणजे बीजक. बाजारांत त्यास बिल म्हणतात. वरवर पाहतां ही कारकुनाच्या मेजावरची क्षुल्लक बाब. परंतु लहान कारखानदाराचें भांडवल अडकतें किंवा मोकळें होतें, तें पुष्कळदां याच कागदापायीं.

पुण्याजवळ भोसरीस यंत्रांचे सुटे भाग करणारे अनेक लहान कारखाने आहेत. समजा, अशा एका कारखानदारानें मोठ्या कंपनीस एक लाखाचा माल पाठविला. त्यावर शेंकडा 18 प्रमाणें वस्तु व सेवा कर असल्यास बीजक 1,18,000 रुपयांचें होतें. यांतील 18,000 रुपये कंपनीस आपल्या देय करांतून वजा करून घेतां येतात. पण केव्हां? विक्रेत्यानें तें बीजक आपल्या करपत्रकांत दाखविलें असेल, तेव्हांच. 1 जानेवारी 2022 पासून कायद्यानें ही अट स्पष्टपणें घातली आहे.

जुन्या रीतींत विक्रेत्याचा कारकून बीजक लिही, कंपनीचा कारकून तेंच आपल्या वहींत उतरवी, आणि करपत्रक भरतांना तिसऱ्या खेपेस तेच आंकडे लिहिले जात. एक आंकडा चुकला कीं वजावट अडे. आणि वजावट अडली कीं कारखानदाराचें देणेंहि अडे.

या दुखण्यावर ई-बीजक हा उपाय आहे. बिलाची प्रत ई-मेलनें धाडली म्हणजे तें ई-बीजक झालें, अशी समजूत आढळते. ती बरोबर नव्हे. विक्रेता बीजक आपल्याच संगणकावर तयार करतो. मात्र तें ठरीव नमुन्यांत शासनमान्य नोंदणी-केंद्राकडे पाठवावें लागतें. केंद्र तें तपासून त्यास 64 अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक व क्यूआर कोड देतें. पुढें तोच तपशील आपोआप विक्रेत्याच्या करपत्रकांत उतरतो. एकदां लिहिलेलें पुन्हां लिहावें लागत नाहीं, आणि दोन्ही वह्यांना आधार एकच राहतो.

भारतांत ही सक्ती 1 ऑक्टोबर 2020 रोजीं 500 कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यापाऱ्यांपासून सुरू झाली, आणि टप्प्याटप्प्यानें उतरत 1 ऑगस्ट 2023 पासून पांच कोटींवरील उलाढालीस लागू झाली. ज्यांस ही सक्ती आहे, त्यांनीं व्यापाऱ्यास दिलेलें क्रमांकाविना बीजक कायद्याच्या दृष्टीनें बीजकच नव्हे. किरकोळ गिऱ्हाइकास दिलेल्या पावतीस हा नियम नाहीं.

दुसरा लाभ वसुलीचा. 2006 च्या कायद्याप्रमाणें नोंदलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांचें देणें, करार कांहींहि असला तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आंत चुकतें करावें लागतें. ‘बिल मिळालेंच नाहीं’ ही सबब क्रमांक व वेळ नोंदलेल्या बीजकापुढें फारशी टिकत नाहीं. शिवाय रिझर्व्ह बँकेनें 2014 सालीं नियम आखून दिलेल्या ‘ट्रेड्स’ व्यवस्थेंत, मोठ्या कंपनीनें मान्य केलेलें बीजक लहान उद्योजकास मुदतीपूर्वींच वटवितां येतें. आपल्या पेढ्यांवर हुंडी वटे, त्याच जातीचा हा व्यवहार आहे.

तथापि या साधनाची मर्यादाहि ध्यानांत ठेवावी. माल पोंचला कीं नाहीं, तो सरस कीं निरस, हें केंद्र पाहत नाहीं. विक्रेत्यानें आपलें पत्रक वेळेवर भरलें नाहीं, तर क्रमांक असूनहि खरेदीदाराची वजावट लांबते. चुकलेलें बीजक त्या केंद्रावर 24 तासांच्या आंतच रद्द करतां येतें. म्हणून ज्या पेढीचा हिशेबनीस रोजचें काम रोज पुरें करतो, तिलाच या सोयीचें खरें फळ मिळतें. महिनाअखेरीस वह्या उघडणाऱ्यास तीच सोय जाचक वाटावी, यांत नवल नाहीं.