परदेशी शिक्षणाचा जमाखर्च



दिव्यातला मुलगा परदेशी शिकावयास निघाला की आपण फी विचारतो. पोटाचा खर्च मागाहून आठवतो. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. परंतु सप्टेंबर २०२४ पासून वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो आधीच बँकेत ठेवावे लागतात. त्यांतून महिन्याला ९९२ हाती येतात.

मोठ्या कर्जास बँक तारण मागते. आपल्याकडील कित्येक इमारतींचे कागदच अपुरे. त्या घरावर कर्ज कोण देणार? मग सावकाराचे दार!

डॉ. आंबेडकरांनी १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठविला. त्यास शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज जोडून १९२० साली त्यांनी लंडन गाठले. प्रथम बचत, मग साहाय्य, शेवटी कर्ज. हा क्रम आपण उलटा करू नये, एवढेच माझे सांगणे.