हिमनदी : तेथली आणि आपल्याकडची



काराकोरम पर्वतांत केटू शिखराच्या पायथ्याशीं गॉडविन-ऑस्टेन नांवाची हिमनदी आहे. पुढें ती बाल्टोरो हिमनदीस मिळते. हेन्री गॉडविन-ऑस्टेन हे मोजणीखात्यांतले अधिकारी आणि भूगर्भशास्त्राचे अभ्यासक. १८६१ सालीं बर्फावरून पायपीट करून त्यांनीं त्या भागाचे नकाशे केले, म्हणून तें नांव.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मार्च अखेरच्या उन्हांत मी हिमनद्यांचा धडा शिकवीत होतों. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, आपल्याकडे होती का हो कधीं हिमनदी?" वर्ग हंसला, आणि, सांगावयास लाज वाटते, मीहि हंसलों.

सेवानिवृत्तीनंतर वाचनांत विल्यम ब्लॅनफर्ड हें नांव भेटलें. तापी आणि खालची नर्मदा यांच्या खोऱ्यांतील खडकांवरचा त्यांचा ग्रंथ १८६९ सालचा. आपल्या खानदेशच्या भूमीचा एवढा जुना जाणकार आम्हां मास्तरांना ठाऊक नसावा! याच ब्लॅनफर्डांनीं १८५६ सालीं, बंधु हेन्री यांच्यासमवेत, ओरिसांत तालचेर येथें बारीक चिखलाच्या थरांत रुतलेले मोठाले धोंडे पाहिले. असले धोंडे लोटण्याइतका जोर पाण्यास असता, तर तो चिखल तेथें टिकलाच नसता. तेव्हां हे धोंडे बर्फानेंच आणले असले पाहिजेत, असें अनुमान निघालें. उष्ण कटिबंधांत बर्फ! पुष्कळांना तें पचणें कठीणच होतें.

परंतु पुढें आपल्या चंद्रपूरजवळ, इरई गांवीं, तसल्याच थराखालीं चुनखडीचा गुळगुळीत झालेला, ओरखडे उमटलेला खडक आढळला. हिमनदीच्या तळाशीं अडकलेले दगड कानशीसारखे घांसत जातात, त्याची ही खूण. ही गोष्ट सुमारें तीस कोटि वर्षांपूर्वींची. तेव्हां आपली भूमि दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होती. खानदेशांत मात्र असें कांहीं दिसावयाचें नाहीं. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाच्या काळ्या खडकानें येथें खालचें बहुतेक सारें झांकून टाकिलें आहे.

तो मुलगा आतां भुसावळकडे नोकरीस असतो, असें ऐकतों. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्यानें सवडीनें एकदां चंद्रपुराकडे जाऊन यावें, आणि काय पाहिलें तें मला पत्रानें कळवावें.