दमाचा हिशेब

श्रोतेहो, 'दम' हा शब्द फारसीतून आला आणि मराठीचाच होऊन गेला. आपण दम धरतो, दम देतो, दुसऱ्याचा दम पाहतो. पण दम म्हणजे मुळात श्वास, हे मला खरं उमगलं ते थोरल्या भावाच्या छातीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा.

आम्ही कुपवाडचे. भाई एमआयडीसीत कामाला. खिशात बिडीचं बंडल कायम. ऑपरेशन मिरजेला. डॉ. वानलेस यांनी 1894 साली तिथं रुग्णालय उभारलं, तेव्हापासूनचं ते दवाखान्यांचं गाव. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "चाचा, बिडी किती?" भाई म्हणाला, "सोडली, साहेब." मी गप्प बसलो.

मग डॉक्टरांनी समजावलं. फुप्फुसाचं ऑपरेशन करताना बहुधा त्या बाजूचं फुप्फुस मिटवून ठेवतात आणि दुसऱ्या एकट्यावर श्वास चालवतात. मिटलेल्या फुप्फुसातून जाणारं रक्त प्राणवायू न घेताच परततं. त्यात बिडीनं नळ्या आवळलेल्या असतील, तर धोका वाढतो. अशा वेळी काही रुग्णांना शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात. त्यानं श्वासनळ्यांचे स्नायू सैलावतात, वेदनाशामकंही कमी लागतात.

मी चमकलो. "साहेब, हे तर आमच्याकडं द्राक्षाची पानं पिवळी पडली की फवारतात!"

"मीठ तेच, पण हे इंजेक्शनसाठी शुद्ध केलेलं," ते हसले. मग गंभीर झाले. "हेच जास्त झालं तर श्वासाचे स्नायूच ढिले पडतात. भुलीत स्नायू शिथिल करायला देतो त्या औषधाचा अंमलही यानं लांबतो. ते लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड दुबळं असेल तर साचतं. उतारा म्हणून कॅल्शियम हाताशी ठेवतो. पण माप ठरवायचं तुमच्या सांगण्यावरून."

मी म्हणालो, "साहेब, भाईनं काल रात्रीही ओढली."

ऑपरेशन महिनाभर पुढं गेलं. श्वास आत ओढून तीन गोळे वर चढवायचं एक साधन डॉक्टरांनी भाईला दिलं. भाई माझ्याशी बोलेना. भिंतीकडं तोंड करून गोळे चढवायचा. बिडी मात्र सुटली.

ऑपरेशन पार पडलं. चौथ्या दिवशी तिसरा गोळा हलला, तेव्हा भाई पहिल्यांदा बोलला, "बघ, चढला का?"

श्रोतेहो, औषधाचं माप डॉक्टरांकडं असतं; आपल्या दमाचा खरा हिशेब आपल्याकडं. भुलीआधी तो लपवू नका. बिडी, तंबाखू, दमा, मूत्रपिंडाचा त्रास, चालू गोळ्या, सारं सांगा. घरच्या माणसानं गप्प बसलेल्यासाठी बोलावं. रुसवा पुढं निघतो.