शितावरून भाताची परीक्षा

(फोपनार येथील व्याख्यानाचा सारांश)



‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण स्वयंपाकघरात खरी ठरते, कारण एका पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली शिते बहुधा सारखीच असतात. शेत मात्र पातेले नव्हे. बांधाच्या अलीकडची कपाशी खांद्याला लागावी आणि पलीकडची गुडघ्याएवढीच राहावी, हे शेतकऱ्याला नवे नाही. मग मोजक्या शेतांवरून गावाचे पीक कसे ठरवावे? हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांपुढे ठेवला पाहिजे, असे माझे नम्र मत आहे.

त्यासाठी पोतेभर चिंचोके पुरेत. दर शंभरातले चाळीस चुन्याने रंगवावेत व नीट मिसळावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने न पाहता पंचवीस काढावेत, रंगीत मोजून आकडा फळ्यावर लिहावा आणि चिंचोके परत टाकावेत. कुणाचे आठ येतील, कुणाचे तेरा. ‘गुरुजी, बरोबर कोणाचे?’ हा प्रश्न येईल. उत्तर असे की चूक कोणाचीच नाही. नमुना बदलला की आकडा बदलतो. मात्र बहुतेक आकडे पाच आणि पंधरा यांच्या दरम्यान, म्हणजे वीस ते साठ टक्क्यांत राहतील. शंभर चिंचोके काढले तर हा पट्टा तीस ते पन्नास होईल, चारशे काढले तर पस्तीस ते पंचेचाळीस. त्रुटीची मर्यादा निम्मी करायची तर नमुना चौपट हवा, हे मुले फळ्यावरच पाहतील.

प्रत्यक्षात आपल्या हाती एकच मूठ येते आणि पोत्यातले खरे प्रमाण ठाऊक नसते. म्हणून आकड्याबरोबर त्याची मर्यादा सांगणे हे अज्ञान नसून सचोटी आहे.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात यदृच्छेने निवडलेल्या शेतांत पीककापणीचे प्रयोग रुजवले. त्यांचे सहलेखक डॉ. वि. गो. पानसे यांनी इंदूरच्या संस्थेत कापसावर काम केले; कृषिसंशोधकांसाठी दोघांनी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ साली निघाला. सुखात्मे यांनी आणखी एक धोका दाखवला. कापणीचा तुकडा फार लहान असला तर कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते. असे तुकडे कितीही वाढवले तरी तो दोष जात नाही. नशिबाचा चढउतार संख्येने आवरतो. मापातला कल आवरत नाही.

ही केवळ पुस्तकी चर्चा नाही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री फसल विमा योजनेत ग्रामपंचायत हे एकक असेल, तर प्रमुख पिकासाठी किमान चार कापणी-प्रयोगांची अट घातली गेली. चार शेतांच्या सरासरीतील चढउतार एका शेतातील चढउताराच्या निम्मा असतो, त्याहून कमी नाही. त्या सरासरीवर साऱ्या गावाची भरपाई ठरते. तेव्हा शेते चिठ्ठीने निवडली का, तुकडा नीट आखला का, हे विचारणारी मुले गावात असली पाहिजेत.

वाचनालयाच्या मेजावर उद्या वृत्तपत्र उघडाल, तेव्हा छापलेल्या आकड्याला दोनच प्रश्न विचारा : मूठ केवढी होती, आणि ती कोणी, कशी भरली? एवढे झाले तरी माझे बोलणे सार्थकी लागेल.