टर्बो ट्रकचे इंजिन काय सांगते, ते ऐका
(नभोवाणी भाषणाचा मजकूर, पिंपळगाव राजा)



दिवाळी झाली की आपल्या भागात कापसाचे ट्रक खामगावच्या वाटेला लागतात. सोयाबीन निघालेलेच असते. अशा ऐन हंगामात गाडी बंद पडली तर काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. माल घरात, भाव बाजारात आणि आपण मिस्त्रीच्या दारात! म्हणून आज पिकाऐवजी गाडीविषयी बोलू या. मी काही मोटार मिस्त्री नव्हे. पण इंजिन बिघडण्याआधी आवाजातून आणि धुरातून खूण देते. ती खूण ओळखली, तर पुष्कळ वेळा मोठा खर्च वाचतो. टर्बो असलेल्या ट्रॅक्टरलाही यातले बहुतेक सारे लागू पडते.

एक अनुभव

पिंपळगाव राजाच्या चार शेतकऱ्यांनी मिळून एक जुना टर्बो ट्रक घेतला होता. कापूस भरून निघाले की गाडी ओढत नसे, मागून काळा धूर निघे आणि सकाळी इंजिन मिसिंग करी. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, टर्बो गेला न बाप्पा!" एका गॅरेजनेही नवा टर्बो टाकायला सांगितले होते. तेवढ्या पैशात एका घरची रब्बीची पेरणी झाली असती.

आम्ही आधी नुसते बघितले. टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी होस पाइप क्लिपेखाली खालच्या बाजूने फाटला होता. वरून दिसत नव्हता, पण तिथे तेलकट काळी धूळ बसली होती. होस आणि क्लिप बदलताच धूर थांबला, गाडी ओढू लागली. सकाळची मिसिंग मात्र तशीच राहिली. तिचे कारण वेगळेच निघाले. गोठ्यात ठेवलेल्या पिंपातले डिझेल टाकीत ओतत होते आणि त्या पिंपात पाणी होते. म्हणजे दुखणी दोन होती आणि टर्बो बिचारा चांगला होता. प्रत्येक तक्रार वेगळी धरून बघावी, हा पहिला धडा.

टर्बो म्हणजे काय?

लोहाराचा भाता आठवा. भाता जोरात चालला की कोळसा लखलखीत पेटतो, भाता फाटला की नुसता धूर होतो. टर्बो हा इंजिनाचा भाता आहे. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त मिळाली की डिझेलही जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. ही युक्ती स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी काढली, १९०५ साली तिचे पेटंट घेतले.

टर्बोचा दांडा भर वेगात मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून घाण ऑइल, धूळ आणि फाटलेले पाइप हे टर्बोचे तीन वैरी. टर्बो स्वतःहून क्वचितच मरतो, बहुधा दुसऱ्याच्या दोषाने मरतो. तो का गेला हे न शोधता नवा बसवला, तर तोही जातो.

आवाज कसा ऐकावा?

चार प्रश्न विचारा. आवाज थंड इंजिनात येतो की गरम झाल्यावर? रिकाम्या गाडीत की लोडवर? वरून की खालून? एकसारखा की मधूनमधून? लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाजवळ धरली की जागा बरोबर कळते. मात्र उपरणे, गमछा, पदर आधी आवरून घ्या. फिरता फॅन माणूस ओळखत नाही.

१. वरून हलकी, एकसारखी टिक्‌-टिक्‌: बहुधा टॅपेट ढिले. गाडी लगेच थांबवायची गरज नाही. पण टॅपेट लवकर सेट करून घ्यावेत.

२. लोडवर फुस्‌-फुस्‌ किंवा चक्‌-चक्‌: मॅनिफोल्डचे गॅस्केट फुंकते आहे. सांध्याशी काजळीचा पट्टा दिसतो. इथून धूर निसटला की टर्बोला जोर मिळत नाही.

३. कडक टण्‌-टण्‌ आणि सोबत धूर: इंजेक्टरचा नोझल गळत असावा किंवा पंपाचे टायमिंग पुढे गेले असावे. असे फार दिवस चालवले तर पिस्टन जळतो.

४. खालून जड ठक्‌-ठक्‌, लोडवर वाढणारी: बेअरिंगचा आवाज. ऑइल प्रेशरही खाली आले असेल तर तिथेच गाडी बंद करा. "खामगावपर्यंत तर जाऊ" म्हणाल, तर क्रँक जाईल.

५. टर्बोची शिट्टी: बारीक, नेहमीची शिट्टी हा दोष नव्हे. नवा फुसकारा, ताकद कमी आणि काळा धूर म्हणजे हवेचा पाइप फुटला. भोंग्यासारखे ओरडणे किंवा धातू घासल्याचा आवाज म्हणजे चक्र घराला लागते आहे. गाडी लगेच बंद करा. पाते तुटून इंजिनात गेले तर नुकसान फार मोठे.

मिसिंग कशी शोधावी?

इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर सावकाश चालते तेव्हा प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ३०० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा ताकद देतो. एक सिलिंडर मेला की त्याच ठेक्यात गाडी हलते. असा एकसारखा धक्का म्हणजे एकाच सिलिंडरचा दोष. धक्का कधी येतो, कधी जातो, असे असेल तर डिझेलमध्ये हवा किंवा पाणी असावे. रिकामी गाडी नीट चालते आणि लोडवरच अडखळते, तेव्हा डिझेल फिल्टर चोंदला का ते बघा.

धूरही बघा. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळते. पांढरा आणि डिझेलचा वास म्हणजे डिझेल न जळताच जाते. पांढरा आहे आणि रेडिएटरचे पाणीही घटते, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

कोणता सिलिंडर मेला? सकाळी थंड इंजिन चालू करून मिनिटभराने मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर पाण्याचा एकेक थेंब टाका. जिथे थेंब चरचरत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट किंचित ढिला करतात. नट ढिला केल्यावर आवाज पडला तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच. मग त्याचा इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरला लावून बघावा. मिसिंग इंजेक्टरबरोबर गेली तर इंजेक्टर खराब, तिथेच राहिली तर वॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशनचा दोष.

सावधान! कॉमन रेल असलेल्या गाडीत ही नट ढिला करण्याची रीत कधीही वापरू नका. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ डिझेल गाड्या तर याच प्रकारच्या, पण त्याआधीच्याही पुष्कळ आहेत. त्या पाइपात डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजार-दीड हजार पटींहून जास्त असतो. बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरते. जखम सुईएवढी दिसते, पण हात कापावा लागू शकतो. असे झाले तर दुखण्याची वाट न बघता तडक दवाखान्यात जावे. अशा गाडीची तपासणी स्कॅनर लावूनच करून घ्यावी.

टर्बो खोलण्यापूर्वी

इंजिन बंद आणि थंड असताना हवेचा पाइप काढा आणि बोटाने चक्र फिरवून बघा. ते मोकळे फिरले पाहिजे. बाजूला किंचित हलणे चालते, पण पाती घराला लागता कामा नयेत. पाइपात तेलाचा नुसता ओलावा असेल तर घाबरू नका. तेल साचले असेल, तर टर्बोला नाव ठेवण्याआधी एअर क्लीनर आणि इंजिनाचा ब्रीदर बघा. ते चोंदले तरी टर्बोतून तेल ओढले जाते.

हे तेल फार झाले तर इंजिन तेच जाळत सुटते, चावी काढली तरी थांबत नाही. अशा वेळी माणसे बाजूला करा. हवेच्या तोंडावर हात किंवा फडके धरू नका, आत ओढले जाईल. गाडी उभी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडते.

रोजच्या चार सवयी

- सकाळी ऑइलची पट्टी बघा आणि डिझेल फिल्टरखालचे पाणी काढा.
- कापसाच्या हंगामात एअर क्लीनर वरचेवर बघा. धूळ आणि कापसाचे तंतू त्यात अडकतात.
- गाडी सुरू करताच जोरात रेस करू नका. ऑइल टर्बोपर्यंत पोहोचू द्या.
- लोड ओढून आल्यावर, विशेषतः बोथ्याचा घाट चढून आल्यावर, दोन-तीन मिनिटे इंजिन सावकाश चालू ठेवूनच बंद करा. नाहीतर तापलेल्या टर्बोत ऑइल करपते.

बैल लंगडू लागला की आपण आधी खूर बघतो, बैल बदलत नाही. गाडीचेही तसेच. आधी ऐका, मग बघा. क्लिप, होस, फिल्टर, डिझेल ही स्वस्त कारणे आधी तपासा आणि मगच महागाच्या सामानाला हात लावा. पण खालून ठक्‌-ठक्‌ आली, धातू घासला किंवा ऑइल प्रेशर पडले, तर मात्र एक किलोमीटरही पुढे जाऊ नका. कापूस दोन दिवस थांबेल. मोडलेले इंजिन हंगाम घेऊन जाईल.